फुल रेसला सुसाट पळणारं बोटीचं इंजिन धक्क्याजवळ येताच बंद का पडतं?

मालवण, तारकर्ली, देवबाग या भागात छोट्या फायबर बोटीतून फिरलेल्यांना हा अनुभव नवा नाही. खोल पाण्यात बोट मस्त पळते. धक्का जवळ येतो, चालवणारा रेस कमी करतो आणि मागचं इंजिन दोनदा खोकून बंद पडतं. मग दोरी ओढायची, इंजिन परत सुरू करायचं, गिअर टाकायचा आणि ते परत बंद.

अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक स्क्रू थोडा आवळायचा आणि स्लोची रेस वाढवून टाकायची. सिग्नलला बंद पडणाऱ्या जुन्या स्कूटरला गॅरेजवाला जे करतो, तेच. इंजिन बंद पडायचं थांबतं आणि सगळे खूश होतात.

पण बोटीच्या इंजिनाला हा उपाय अनेकदा महागात पडतो. तो स्क्रू बिघाड काढत नाही, नुसता झाकतो. आउटबोर्डची स्लो रेस, म्हणजे आयडल, बसवण्याचा एक क्रम असतो आणि त्या क्रमात आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी येतो.

आधी आउटबोर्ड म्हणजे काय?

मोठ्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात असतं. आउटबोर्ड बोटीच्या बाहेर, मागच्या फळीला लटकवलेलं असतं. वर इंजिन, मध्ये लांब पाय, खाली गिअर आणि पंखा असं एकच युनिट. वळायचं असेल तर अख्खं इंजिनच फिरतं. खडक आला की पाय वर उचलता येतो, म्हणून उथळ खाडीत आणि रेतीच्या किनाऱ्यावर ते सोयीचं पडतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. त्यामागे एक गोष्ट सांगितली जाते. होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला ते तळ्यात होडी वल्हवत गेले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. तेव्हाचं ते इंजिन एका सिलिंडरचं होतं. आज मासेमारीच्या आणि पर्यटनाच्या बोटींवर दोन, तीन, चार सिलिंडरची इंजिनं दिसतात. खरी गंमत इथूनच सुरू होते.

वेगात नीट, मग स्लोला काय होतं?

कार्ब्युरेटरचं काम हवेत पेट्रोल मिसळण्याचं. हवा एका अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. नळीत एक गोल चकती असते, तिला थ्रॉटल म्हणतात. रेस दिली की चकती उघडते आणि हवा जास्त जाते.

पण स्लोला ही चकती जवळपास बंद असते. मुख्य वाटेने पेट्रोल ओढायला हवेचा जोरच उरत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये एक वेगळी, बारीक वाट असते. तिला पायलट किंवा स्लो सर्किट म्हणतात. तिची भोकं इतकी लहान असतात की पेट्रोल सुकून राहिलेला चिकट थर किंवा मिठाचा एखादा कण त्यांना पुरतो.

म्हणून इंजिन फुल रेसला एकदम ठीक चालतं आणि स्लोला दम तोडतं. मोठी वाट मोकळी असते, बारीक वाट तुंबलेली असते. इंजिनाच्या बऱ्याच आजारांची पहिली खूण स्लोलाच दिसते, ती यामुळे.

एका इंजिनाला तीन कार्ब्युरेटर कशाला?

स्कूटरला एक सिलिंडर, म्हणून एकच कार्ब्युरेटर. अनेक सिलिंडरच्या आउटबोर्डमध्ये बऱ्याचदा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर असतो. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी क्रँकच्या खोलीत जातं आणि प्रत्येक सिलिंडरची ही खोली वेगळी असते. त्यामुळे प्रत्येकाची सोय वेगळी केलेली बरी पडते.

हे सगळे कार्ब्युरेटर एका दांडीने जोडलेले असतात. रेस दिली की सगळ्या चकत्या एकाच वेळी, सारख्याच उघडायला हव्यात. यालाच सिंक म्हणतात.

आता समजा तीन कार्ब्युरेटर आहेत. वरची चकती केसभर आधी उघडते, खालची पूर्ण बंदच होत नाही आणि मधली बरोबर आहे. फुल रेसला हा फरक जाणवत नाही, कारण तेव्हा सगळ्या चकत्या उघड्याच असतात. पण स्लोला चकती किती उघडी आहे हा मामला मिलिमीटरच्या काही भागांचा असतो. तिथे केसभर फरकही पुष्कळ. मग एक सिलिंडर ओझं वाहतो, दुसरा नुसता ओढला जातो, इंजिन थरथरतं आणि गिअर टाकला की बंद पडतं.

रापणीचा दोर ओढताना दोघांनी एका तालात जोर लावला आणि तिसरा मागे राहिला तर जे होतं, तेच इथे होतं.

तीन स्क्रू, तीन वेगळी कामं

गोंधळ होतो तो इथे. कार्ब्युरेटरवर आणि त्याच्या दांडीवर बरेच स्क्रू दिसतात. त्यातले तीन प्रकार ओळखता यायला हवेत.

पहिला, आयडल स्टॉप स्क्रू. चकती पूर्ण बंद होऊ नये म्हणून तो तिला टेकू देतो. हा आवळला की रेस वाढते.

दुसरा, मिक्श्चर स्क्रू, म्हणजेच पायलट स्क्रू. स्लोला हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते हा ठरवतो. काही कार्ब्युरेटरमध्ये तो हवा अडवतो, काहींमध्ये इंधन. त्यामुळे आत फिरवल्यावर पेट्रोल वाढतं की कमी होतं, याचं उत्तर मॉडेलप्रमाणे बदलतं. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांवर कंपनी हा स्क्रू बुच ठोकून बंद करते, म्हणजे तो कुणी सहज फिरवू नये.

तिसरा, सिंक स्क्रू. हा दांडीवर असतो आणि एका कार्ब्युरेटरची चकती दुसऱ्याशी जुळवतो.

स्लो बिघडली की हात आपोआप पहिल्या स्क्रूकडे जातो. बिघाड मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्याशी, नाहीतर आतल्या कचऱ्याशी जोडलेला असतो.

आयडल वाढवून ठेवलं तर बिघडतं काय?

एक, गिअर. आउटबोर्डचा गिअर बाइकसारखा क्लच दाबून हळूच बसत नाही. खाली दात असलेली एक कडी असते, ती सरकून फिरत्या गिअरमध्ये थेट अडकते. इंजिनाचे फेरे कमी असतील तर ती नीट बसते. फेरे जास्त असतील तर खटाक आवाज येतो आणि दर वेळी दातांच्या कडा झिजतात. पुढे ऐन जोरात असताना गिअर सुटायला लागतो. हा खर्च कार्ब्युरेटर साफ करण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

दोन, माणसं. गिअर टाकताच बोट झेप घेत असेल तर धक्क्यावर उतरणारे पर्यटक आणि पाण्यात पोहणारी मुलं पंख्याच्या जवळ असतात. बोट सगळ्यात हळू चालायला हवी ती नेमकी इथे.

तीन, पिस्टन. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. एखाद्या कार्ब्युरेटरचा जेट तुंबला तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतं आणि त्यासोबत तेलही कमी मिळतं. स्लोला होणारं खोकणं ही त्याची पहिली सूचना असू शकते. स्क्रू आवळून ती सूचना बंद केली तर तुंबलेला सिलिंडर तसाच वेगात पळतो, तापतो आणि एक दिवस पिस्टन जाम होतो.

उलट बाजूही तितकीच धोक्याची आहे. आयडल फार कमी ठेवलं तर खाडीच्या मुखाशी, जिथे लाटा फुटतात, तिथे रेस कमी करताच इंजिन बंद पडू शकतं. इंजिन बंद म्हणजे बोटीवरचा ताबा गेला. बोट लाटेला आडवी होते आणि आडव्या बोटीत पाणी भरायला किंवा ती उलटायला एखादी मोठी लाट पुरते.

मग योग्य क्रम काय?

प्रत्येक मॉडेलचे आकडे कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतात आणि तेच धरायचे. क्रम मात्र साधारण असा असतो.

१. आधी आजार शोधा. ताजं पेट्रोल, साफ फिल्टर, चांगले प्लग, सगळ्या सिलिंडरचं सारखं कॉम्प्रेशन आणि कुठेही हवेची गळती नाही, हे तपासल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही. कार्ब्युरेटर उघडून स्लोची बारीक भोकं क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावी लागतात. तार खुपसली तर भोक मोठं होतं आणि कार्ब्युरेटर कायमचा बिघडतो.

२. इंजिन बंद ठेवून चकत्या जुळवा. रेसची केबल सोडवायची आणि आयडल स्क्रू इतका मागे घ्यायचा की तो कुठेच टेकणार नाही. मग दांडीवरचे सिंक स्क्रू सैल करायचे. आता प्रत्येक चकती आपल्या स्प्रिंगने पूर्ण बंद होते. तशीच धरून स्क्रू आवळायचे. मग रेस हळूच देऊन बघायचं. सगळ्या चकत्या एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. टू-स्ट्रोक आउटबोर्डचं सिंक बहुतेक असंच, डोळ्यांनी आणि बोटांनी होतं.

३. टायमिंग तपासा. अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत रेस देताना आधी स्पार्कची वेळ पुढे सरकते आणि मग कार्ब्युरेटर उघडतात. या दोन्ही गोष्टी एका कॅमने जोडलेल्या असतात. कॅमवर खूण असते आणि त्या खुणेशी रोलर टेकला पाहिजे. हे चुकलं तर चकत्या कितीही जुळवा, रेस देताना इंजिन अडखळतंच. काही मॉडेलमध्ये ही पायरी चकत्यांच्या आधी येते. ते पुस्तिकेत बघायचं.

४. मिक्श्चर बसवा. पायलट स्क्रू अलगद आत टेकवायचा, जोर लावायचा नाही, नाहीतर टोक आणि बसण्याची जागा दोन्ही खराब होतात. तिथून पुस्तिकेत दिलेले फेरे मागे घ्यायचे. हे झालं सुरुवातीचं माप. मग इंजिन पूर्ण गरम करून, बोट पाण्यात बांधून आणि गिअर टाकून एकेक स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. दर वेळी इंजिनाला स्थिरावायला काही सेकंद द्यायचे. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखं फटफटतं. जास्त झालं तर धूर येतो, आवाज जड होतो आणि रेस देताच ते गुदमरतं. या दोन टोकांच्या मधली, किंचित जास्त पेट्रोलाकडे झुकलेली जागा ठेवायची. फार कमी पेट्रोलवर बसवलं तर स्लोला गोड चालतं, पण रेस देताच बंद पडतं.

५. आता आयडल स्क्रू. टॅकोमीटर लावून पुस्तिकेतला आकडा गाठायचा. बऱ्याच इंजिनांत तो मिनिटाला ७०० ते १००० फेऱ्यांच्या आसपास असतो. न्यूट्रलचा आकडा आणि गिअरमधला आकडा वेगळा असतो, कारण पंख्यावर पाण्याचं ओझं येताच फेरे उतरतात.

६. केबल परत जोडा. केबल ताणलेली राहिली तर चकती तीच धरून ठेवते आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. शेवटी पुढे, न्यूट्रल, मागे असा गिअर काही वेळा टाकून आणि इंजिन थोडा वेळ स्लोला चालू ठेवून खात्री करायची.

फोर-स्ट्रोकला काय वेगळं?

कार्ब्युरेटर असलेल्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डला नुसता डोळा पुरत नाही. तिथे प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेवर एक छोटा स्क्रू किंवा बूच असतं. ते काढून व्हॅक्युम गेजच्या नळ्या लावतात. इंजिन स्लोला चालू असताना प्रत्येक नळीतलं खेचणं गेजवर दिसतं. जी चकती जास्त उघडी, तिचं खेचणं कमी. एक कार्ब्युरेटर मूळ मानायचा आणि बाकीचे सिंक स्क्रूने त्याच्याशी जुळवायचे. मधे एकदा रेस देऊन सोडायची आणि काटे परत एकाच जागी येतात का ते बघायचं.

इथेही तोच नियम. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व नीट बसत नसतील तर त्याचा काटा कधीच जुळणार नाही. तो ओढूनताणून जुळवला तर गेजवर सगळं छान दिसतं, इंजिन मात्र आजारीच राहतं.

हे काम किनाऱ्यावर करता येतं का?

चकत्या जुळवणं किनाऱ्यावरच करायचं, कारण इंजिन बंद असतं. पण मिक्श्चर आणि आयडल पाण्यातच बसवावं लागतं. किनाऱ्यावर पाइपने पाणी देऊन इंजिन चालवता येतं, तरी तेव्हा पंख्यावर ओझं नसतं आणि धूर बाहेर पडायला पाण्याचा अडथळाही नसतो. त्यामुळे फेरे जास्त दिसतात. किनाऱ्यावर अगदी बरोबर बसवलेलं आयडल पाण्यात उतरल्यावर कमी पडतं.

पाण्यात काम करताना बोट पुढून आणि मागून पक्की बांधायची. दुसरा माणूस सोबत हवा आणि इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी त्याच्या हाताला अडकवलेली हवी. पंख्याजवळ कुणीही पाण्यात नको. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवायचं नाही, आतल्या पंपाचं रबर लगेच जळतं. बंद शेडमध्ये तर अजिबातच नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

पावसाळ्यानंतरच हा त्रास का वाढतो?

१ जूनपासून मासेमारी बंदी लागते आणि बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात बंद असतात. या काळात कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो सगळ्यात आधी स्लोची बारीक वाट बुजवतो.

त्यात इथेनॉलची भर पडते. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य गाठलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंधनाची नळी घेते ते तळाचंच. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दोन महिने ठेवली तर हा धोका वाढतो. जुन्या इंजिनांचे रबरी भाग इथेनॉलसाठी बनवलेले नसतील तर तेही सुजतात किंवा कडक होतात.

उपाय स्वस्त आहे. बोट वर ओढण्याआधी इंजिनाला पाणी देऊन, इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढून टाकायचं. टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही. दहा मिनिटांचं हे काम पुढच्या हंगामातला बराच त्रास वाचवतं.

रील बघून स्क्रू फिरवावा का?

"पायलट स्क्रू दीड फेरा उघडा, इंजिन एकदम स्मूथ" असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तो दीड फेरा त्या व्हिडिओतल्या इंजिनाचा असतो. मॉडेल बदललं की आकडा बदलतो. इंधन बदललं तरी बदलतो. केरळमध्ये अनेक मच्छीमारांची आउटबोर्ड केरोसीनवर चालतात. ती पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर केरोसीनवर आणतात. त्या इंजिनाचं सेटिंग पेट्रोलवाल्याला लागू पडत नाही.

ज्याला हे काम येत नाही, त्यानेही तीन गोष्टी जरूर कराव्यात. स्क्रूला हात लावण्याआधी तो आता किती फेरे आत आहे ते मोजून लिहून ठेवावं, म्हणजे परत येण्याची वाट राहते. इंजिन फक्त स्लोला बिघडतं की सगळ्या वेगांना, हे मेकॅनिकला नीट सांगावं. आणि मेकॅनिकने दोन मिनिटांत आयडल वाढवून दिलं, तर एक प्रश्न विचारावा, "स्लो उतरली कशामुळे?"

नव्या इंजिनांत हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आहे. आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक दुचाकींचे कार्ब्युरेटर गेले. आउटबोर्डमध्येही इंधन इंजेक्शन आलं आहे आणि तिथे स्लो कॉम्प्युटर सांभाळतो. पण ती इंजिनं महाग आहेत. जुनं टू-स्ट्रोक वजनाला हलकं असतं आणि गावातच दुरुस्त होतं, त्यामुळे छोट्या बोटींच्या मागे ते अजून बरीच वर्षं दिसेल.

अशा बोटीत बसणाऱ्यालाही एक गोष्ट सहज तपासता येते. धक्क्यावरून निघताना गिअर पडल्याचा आवाज ऐकायचा. हलका टक आवाज आला आणि बोट संथ सरकली, तर सेटिंग ठीक आहे. जोरात खटाक होऊन बोटीने हिसका दिला, तर स्लो बहुधा वाढवून ठेवलेली आहे, आणि ती का वाढवली हे बोटवाल्याला विचारायला हरकत नाही.